पाऱ्याचे विमान आणि तारापूरची वीज

गुरुत्वाकर्षण झुगारून उडणारे यान भारतात फार पूर्वीच तयार झाले होते, परकीयांनी त्याचे तंत्र पळविले आणि आता अमेरिकेची ‘नासा’ तेच यान गुपचूप बनवीत आहे, अशा आशयाचा मजकूर गेली कित्येक वर्षे आपल्याच घरांतून आणि आपल्याच मंडळींच्या हातांतून फिरतो आहे. कधी तो भ्रमणध्वनीवरचा संदेश असतो, कधी एखाद्या स्मरणिकेतील लेख, तर कधी पालघर-बोईसरसारख्या गावांतील व्याख्यानात हमखास टाळ्या घेणारे वाक्य. ते वाक्य ऐकून मान डोलावणाऱ्यांत अभियंते असतात, प्राध्यापक असतात, तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत दिवसभर दाब, तापमान आणि वजन यांच्या नोंदी ठेवणारे रसायनतज्ज्ञही असतात. कारखान्यात वजनात थोडी तफावत आली तरी अख्खी बॅच अडवून ठेवणारा माणूस संध्याकाळी सभागृहात बसून पाऱ्याच्या भोवऱ्यावर तरंगणारे विमान मात्र कसलाही पुरावा न मागता स्वीकारतो, याला काय म्हणावे?

हा लेख बाहेरच्यांना उत्तर देण्यासाठी लिहिलेला नाही, घरातल्यांशी भांडण्यासाठी लिहिलेला आहे. प्राचीन भारतात विज्ञान नावाची गोष्ट नव्हतीच असे मानणारा आणि संस्कृत ग्रंथाचे नाव निघताच नाक मुरडणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्याच्याशी आपला वाद जुना आहे आणि तो चालूच राहील. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातील गोलाध्यायात पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असल्याचे आणि आकाशातील जड वस्तू त्या शक्तीमुळे तिच्याकडे ओढली जात असल्याचे त्यांनी स्पष्ट मांडले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला, त्याचा शिलालेख उपलब्ध आहे. हे सर्व छातीठोकपणे सांगावे. परंतु आकर्षणाचे गणिती सूत्र भास्कराचार्यांनी दिलेले नाही. अंतर दुप्पट झाले की ओढ चौपटीने घटते हा नियम न्यूटनने १६८७ मध्ये सिद्ध केला. भास्कराचार्यांची थोरवी सांगताना एवढे बोलून थांबता येते. आपल्या काही उत्साही मित्रांना थांबता येत नाही, आणि सगळा घोटाळा तेथे सुरू होतो.

चौपाटीवरचे उड्डाण

या कथेचा मराठी नायक म्हणजे शिवकर बापूजी तळपदे. वेदविद्येचा ध्यास घेतलेले हे मुंबईकर गृहस्थ. त्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर मानवरहित विमान पंधराशे फूट उंच उडवून दाखविले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज गायकवाड त्या वेळी उपस्थित होते, ‘केसरी’ने त्याची बातमी छापली आणि ते विमान पाऱ्याच्या बळावर चालत होते, असे सांगितले जाते. ‘केसरी’चे जुने अंक काही गडप झालेले नाहीत. मग ती बातमी ज्या अंकात आली तो अंक, ती तारीख, ते पान इतक्या वर्षांत एकाही प्रचारकाने जनतेपुढे का ठेवले नाही? टिळक आणि रानडे यांच्या काळातील मुंबईत एवढी मोठी घटना घडते आणि वृत्तपत्रांनी गजबजलेल्या त्या शहरात तिची समकालीन नोंद कोणी दाखवू शकत नाही. तळपदे यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विमानविद्येचा विचार करणारा, त्यासाठी झिजणारा मराठी माणूस म्हणून त्यांचे स्मरण जरूर करावे. जे घडल्याचा पुरावा नाही ते त्यांच्या नावावर चिकटविणे हा मात्र त्यांचा सन्मान नव्हे.

तळपद्यांच्या पाठीशी ‘वैमानिकशास्त्र’ उभे केले जाते. हा ग्रंथ महर्षी भरद्वाजांचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांच्या मुखातून विसाव्या शतकाच्या आरंभी लिहून घेतला गेला. त्याची हिंदी आवृत्ती १९५९ मध्ये आणि इंग्रजी आवृत्ती १९७३ मध्ये निघाली. त्यातील चित्रे १९२३ च्या सुमारास बंगळुरूच्या एका आरेखकाने काढली. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच जणांनी या ग्रंथाची तपासणी केली. त्यांनी नुसती टिंगल केली नाही. ग्रंथाची भाषा तपासली, तो लिहिला कसा गेला याचा माग काढला आणि मग चित्रांतील विमानांना वायुगतिकीचे नियम लावून पाहिले. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि वर्णिलेल्या यंत्रांपैकी एकही उडण्याजोगे नाही, असे त्यांनी पुराव्यानिशी दाखवून दिले. पन्नास वर्षे उलटली. या तपासणीला तिच्याच पातळीवर उतरून, आकडा मांडून उत्तर देणारा एकही विमानवादी पुढे आलेला नाही. व्याख्याने मात्र चालूच आहेत.

अकराव्या शतकातील राजा भोजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’त लाकडी पक्ष्याच्या पोटात पारा तापवून उडणाऱ्या यंत्राचे वर्णन आहे, हे खरे. तो ग्रंथ अस्सल आहे, त्याची योग्यता मोठी आहे. परंतु यंत्राची घडण पूर्णपणे सांगितलेली नाही आणि ती गुप्तता राखण्यासाठी सांगितलेली नाही, असे ग्रंथकारच म्हणतो. जे सांगितलेच नाही त्याच्या आधारे आपण त्याच्या वेगाचे आकडे देतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? अमेरिकेने १९६४ आणि १९७० मध्ये पाऱ्याच्या आयनांवर चालणारी इंजिने अंतराळात तपासली, म्हणून पाऱ्याची गोष्ट सिद्ध झाली असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. त्या इंजिनांत पारा हा केवळ मागे फेकण्याचा पदार्थ होता. त्याचा रेटा एखादा कागद तोलण्याइतका, तोही निर्वात पोकळीत कामाला येणारा. जमिनीवरून त्याने एक खुर्चीदेखील उचलली जात नाही, आणि त्यात गुरुत्वाकर्षण नाहीसे होण्याचा तर संबंधच नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात डॉ. वसंत गोवारीकर यांचे निधन झाले. इंग्लंडमधील काम सोडून थुंब्याला आलेला, घन इंधनाची विद्या या देशात मुळापासून उभी करणारा हा मराठी शास्त्रज्ञ. ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक असताना १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. ज्याने गुरुत्वाकर्षणावर खरोखर मात करण्याचे साधन देशाच्या हाती दिले, असा हा माणूस. दुसऱ्याच दिवशी मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन सुरू झाले, आणि त्या अधिवेशनाची देशभर चर्चा झाली ती कशामुळे? प्राचीन विमाने मागे जात होती, आडवी जात होती आणि ग्रहांवर जात होती असे सांगणाऱ्या एका निबंधामुळे! जगभरच्या वृत्तपत्रांनी आपल्याला हसून घेतले. त्याच आठवड्यात गोवारीकरांच्या कार्यावर आपल्यापैकी कितीजण बोलले?

वजन घालविणे का जमत नाही

मूळ प्रश्नाकडे वळू. गुरुत्वाकर्षणाला छेद देणारे यान शक्य आहे काय? स्वप्न म्हणून ते मोठे आहे, यात संशय नाही. हिशेबच करून पाहावा. पृथ्वीच्या पकडीतून कायमचे सुटायचे तर सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. एक किलो वस्तूला तो वेग देण्यास लागणारी ऊर्जा सुमारे साडेसतरा युनिट विजेएवढी भरते. सत्तर किलोच्या माणसासाठी बाराशे युनिटांच्या आसपास. युनिटला दहा रुपये धरले तरी बारा हजार रुपयांत माणूस पृथ्वीबाहेर! तारापूरच्या तिसऱ्या किंवा चौथ्या अणुभट्टीची क्षमता ५४० मेगावॅट आहे. त्यांतील एक भट्टी पूर्ण क्षमतेने तासभर चालली तर तेवढ्या ऊर्जेत एकतीस टन वजन पृथ्वीच्या ओढीबाहेर पाठविता यावे. प्रत्यक्षात काय होते? चांद्रयान-३ चे वजन सुमारे ३९०० किलो होते आणि ते वर नेण्यासाठी १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून जे रॉकेट उडाले त्याचे वजन सुमारे ६४० टन. इंधन वाहून नेण्यासाठी इंधन आणि त्या इंधनासाठी आणखी इंधन, असा तो उतरंडीचा व्यवहार आहे. म्हणून काहीही मागे न फेकता विजेच्या बळावर थेट वर चढणारे यान मिळावे, असे जगभरच्या अभियंत्यांना वाटते. तसे वाटण्यात गैर काही नाही.

अडचण निसर्गाच्या घडणीत आहे. वीज दोन प्रकारची असते, धन आणि ऋण. म्हणून धातूच्या पेटीत बसले की बाहेरच्या विद्युतक्षेत्रापासून बचाव होतो. वस्तुमान मात्र एकाच प्रकारचे आढळते आणि ते नेहमी ओढतेच. दूर ढकलणारे वस्तुमान कोणालाही सापडलेले नाही, त्यामुळे गुरुत्वाकर्षण अडविणारा पडदाही बनविता येत नाही. प्रतिद्रव्य तरी वर पडत असेल अशी आशा काहींना होती. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनचे अणू चुंबकीय सापळ्यात धरून सोडण्यात आले. ते खालीच पडले. सप्टेंबर २०२३ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि आशेचे ते दारही लागले.

समजा, असा पडदा मिळालाच. एक मोठे चाक घ्या आणि त्याच्या उजव्या अर्ध्या भागाखाली तो पडदा सरकवा. डावी बाजू जड, उजवी हलकी. चाक फिरू लागेल, फिरतच राहील आणि कोळसा, युरेनियम, पाणी यांपैकी काहीही न लागता त्यातून वीज मिळत राहील. तारापूरचे केंद्र बंद करून तेथे मत्स्यालय काढता येईल! फुकटची ऊर्जा निसर्ग देत नाही, हा नियम आजवर एकदाही मोडलेला नाही. याचा अर्थ असा की पडदा मिळाला तरी तो वापरताना, वस्तू जेवढी उंच न्यायची तेवढ्या कामाची किंमत ऊर्जेच्या रूपाने मोजावीच लागेल. चमत्काराचा सगळा मोह ‘फुकट’ या शब्दात आहे, आणि तोच शब्द खोटा आहे.

वजन गेले तरी वस्तुमान जात नाही, हेही विसरले जाते. बोईसरहून चर्चगेटला जाणारी गाडी वजनरहित केली, तरी तिला वेग देण्यास तेवढाच जोर लागेल आणि थांबविण्यास तेवढाच ब्रेक. संदेशांतील यान ताशी हजारो किलोमीटरच्या वेगात असताना काटकोनात वळते म्हणे. त्यातल्या प्रवाशांची काय अवस्था होईल, हे विरार लोकलमध्ये दारात उभ्या राहणाऱ्यांना विचारावे. आणि गुरुत्वाकर्षण खरोखर नाहीसे झाले तर वस्तू आकाशात झेप घेईल, अशीही समजूत असते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती स्पर्शरेषेने निघेल, एवढेच. पालघरच्या अक्षांशावर, हवेचा परिणाम सोडून दिला, तर पहिल्या मिनिटात ती जेमतेम पन्नास-पंचावन्न मीटर उंच जाईल. एखाद्या उंच इमारतीची लिफ्टही त्याहून लवकर पोहोचते.

मग शक्यता कोठेच नाही काय? विश्वाच्या पातळीवर आहे, आणि तेथे एका मराठी माणसाचे नाव आदराने घ्यावे लागते. कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉयल यांच्यासमवेत १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. विश्वाच्या प्रसरणाचा अर्थ लावताना त्यांनी ऋण ऊर्जेच्या क्षेत्राची कल्पना वापरली. हे क्षेत्र ओढण्याऐवजी दूर लोटणारे होते. त्या सिद्धान्ताला बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. परंतु १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे आढळले आणि दूर लोटणारा काही परिणाम विश्वात आहे, हे जगाला मानावे लागले. तो परिणाम इतका विरळ आहे की घनमीटरमागे हायड्रोजनच्या मोजक्या अणूंएवढी त्याची मात्रा. दीर्घिका दूर जातात, परंतु बोईसरच्या फलाटावरचे पीसदेखील त्याने हलत नाही. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. गुरुत्वाकर्षणावर आयुष्यभर काम केलेल्या या गणितज्ञाला आपल्यातील काहींनी ‘नास्तिक’ म्हणून बाजूस सारले आणि पाऱ्याच्या भोवऱ्याला डोक्यावर घेतले.

भोळेपणा पश्चिमेतही आहे

कोणी म्हणेल, पाश्चात्य देशांत नाही का असले प्रयोग होत? होतात, आणि तेथेही फजिती होते. रॉजर बॅब्सन या अमेरिकन धनिकाची बहीण लहानपणी बुडून मेली. त्याने तिच्या मृत्यूचा दोष गुरुत्वाकर्षणाला दिला आणि १९४८ मध्ये गुरुत्वाकर्षणावर पडदा शोधण्यासाठी एक संस्था काढली. पडदा मिळाला नाही. पण ती संस्था दरवर्षी गुरुत्वाकर्षणावरील निबंधांना पारितोषिके देत राहिली आणि हळूहळू उत्तम शास्त्रज्ञ तेथे निबंध पाठवू लागले. २००८ चे पहिले पारितोषिक पुण्याच्या आयुका संस्थेतील डॉ. थानू पद्मनाभन यांना मिळाले. एका धनिकाच्या वेडातून निघालेल्या संस्थेकडे अभ्यासू माणसे वळली आणि ती संस्था शहाणी झाली. आपल्याकडे अभ्यासू माणसे वेडाच्या व्यासपीठावर बसतात, हा फरक आहे.

इंग्लंडच्या एरिक लेथवेट यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. रेषीय विद्युतयंत्र आणि चुंबकावर तरंगणारी गाडी यांचा हा आद्य प्रवर्तक. १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी फिरत्या भोवऱ्याचे वजन घटते असे सुचविणारे प्रात्यक्षिक केले. ते चुकीचे होते, आणि त्यांच्या कीर्तीला कायमचा धक्का बसला. त्यांनी भोवऱ्याविषयी जे म्हटले ते विरून गेले. त्यांची चुंबकाची विद्या मात्र पुढे गेली. जपानच्या यामानाशी येथील तरंगत्या गाडीने २१ एप्रिल २०१५ रोजी ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला. त्या गाडीचे वजन कोठेही जात नाही, ते चुंबकाद्वारे मार्गावरच येते. परंतु चाकाचे घर्षण सुटते, आणि प्रवासाला तेवढे पुरे आहे.

फिनलंडमध्ये पॉडक्लेटनॉव या संशोधकाने १९९२ मध्ये फिरत्या अतिवाहक चकतीवर वस्तूचे वजन किंचित घटते, असे प्रसिद्ध केले. इतरांनी प्रयोग करून पाहिले, कोणालाही स्वतंत्रपणे ते साधले नाही. ‘नासा’ने १९९६ ते २००२ या काळात अशा कल्पनांची छाननी करण्याचा एक छोटा कार्यक्रमच चालविला. हाती यान लागले नाही. ‘ईएमड्राइव्ह’ नावाच्या बंद धातुपात्रातून काहीही बाहेर न फेकता रेटा मिळतो, असे २०१६ मध्ये ‘नासा’च्याच एका प्रयोगशाळेतील गटाने छापले. २०२१ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील गटाने बारकाईने मोजले, तेव्हा तो रेटा उपकरण तापून काटा हलल्याचा भास ठरला. म्हणजे ‘नासा’चे नाव घेऊन आपल्याकडे जे काही सांगितले जाते, ते ‘नासा’मध्ये मोजले गेले आणि उतरले नाही. तेथील माणसे आपल्यापेक्षा उपजत शहाणी आहेत असे नव्हे. त्यांच्याकडे दावा तराजूवर ठेवण्याची रीत आहे, एवढेच.

हे सर्व वाचून एखादा म्हणेल की, थोडा अभिमान वाटला तर बिघडले काय? बिघडते. ‘राइस पुलर’ नावाची फसवणूक आपल्या राज्यासह देशभर पोलिसांच्या दप्तरी आहे. वीज पडून दैवी गुण आलेले तांब्याचे भांडे, ते तांदूळ ओढून घेते, त्यात इरिडियम आहे आणि ‘नासा’ ते कोट्यवधींना विकत घेणार, अशी बतावणी करून मध्यमवर्गीय कुटुंबांची आयुष्यभराची बचत लुबाडली जाते. फसलेल्यांत शिकलेसवरलेले असतात. प्राचीन गूढ धातू, ‘नासा’ची गुप्त खरेदी, शासन दडवीत असलेले सत्य ही सारी भाषा त्यांनी आधीच कोठेतरी ऐकलेली असते. कोठे ऐकली, याचा विचार व्याख्याने ठरविणाऱ्यांनी करावा. आणि सरकारेही या मोहापासून मुक्त नसतात. २०१८ मध्ये मुंबई-पुणे पंचवीस मिनिटांत नेणाऱ्या हायपरलूपचा गाजावाजा झाला. ती परदेशी कंपनी २०२३ अखेर बंद पडली. डहाणूपर्यंत उपनगरी गाडी मात्र एप्रिल २०१३ मध्ये आली, ती काही पंचवीस मिनिटांची भाषा करीत आली नव्हती, आणि तिच्यात आज पाय ठेवायला जागा मिळत नाही.

स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांत ‘दोन शब्दांत दोन संस्कृती’ हा निबंध आहे. श्रुतिस्मृतिपुराणोक्त हा आपला शब्द आणि अद्ययावत हा युरोपाचा, अशी त्यातील मांडणी आहे. पोथीत असल्याने गोष्ट खरी ठरत नाही, हे त्यांनी ज्या कठोरपणे सांगितले तसे कोणा पुरोगाम्यानेही सांगितलेले नाही. सावरकर जयंतीला त्यांच्या प्रतिमेस हार घालायचा आणि त्याच कार्यक्रमात पाऱ्याचे विमान उडवायचे, हे कसे जमते?

तारापूरचाच इतिहास पाहावा. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी कंपनीने बांधल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांची वीज मिळू लागली. १९७४ ची पोखरण चाचणी झाली, १९७८ चा अमेरिकी कायदा आला, इंधन अडविले गेले. देशाची मान पिरगाळण्याचाच तो प्रयत्न होता. १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधनाची व्यवस्था झाली आणि त्याबरोबर आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतःचे मिश्र इंधन तयार करण्याची विद्या हस्तगत केली. पुढे त्याच आवारात संपूर्ण भारतीय आराखड्याच्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या उभ्या राहिल्या. चौथी सप्टेंबर २००५ मध्ये आणि तिसरी ऑगस्ट २००६ मध्ये वीज देऊ लागली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांनी आपली घरे सोडली. हा पराक्रम पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर घडला. तरीही येथील व्याख्यानमालेत तारापूरच्या इंधनाची कथा क्वचित ऐकू येते आणि भरद्वाजांचे विमान दर दोन वर्षांनी उतरते.

गुरुत्वाकर्षणाच्या संशोधनात महाराष्ट्राचा खरा वाटा कोठे आहे, तेही सांगितले पाहिजे. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ या ज्योतिर्लिंगाच्या परिसरात, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. काटकोनात असलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या. त्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाएवढा बदल झाला तरी तो टिपायचा, असे हे काम आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर झाले. आयुकातील डॉ. संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून गुरुत्वलहरींचा संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू केले, तेव्हा या विषयाकडे फारसे कोणी पाहतही नव्हते. २०१५ मध्ये पहिली लहर सापडली त्यामागे अशा पद्धती होत्या. गुरुत्वाकर्षणाला कधी काळी वळण लावता येणार असेल, तर ते आधी इतके बारीक मोजता आले पाहिजे.

या वेधशाळेला निर्वात नळ्या लागतील, कंपन रोखणारे आधार लागतील, लेसर आणि आरसे हाताळणारे हात लागतील. बोईसर-तारापूरच्या वसाहतीत निर्वात तंत्र, गंजरोधक पोलाद आणि सूक्ष्म मापन यांचे काम करणारे कारखानदार आहेत. त्यांच्यातील स्वयंसेवकांनी या कामांच्या निविदा पाहिल्या आहेत काय? पालघर, डहाणू आणि जव्हारच्या आश्रमशाळांतील मुलांना तारापूरच्या केंद्राचा अभियंता महिन्यातून एकदा भेटेल, अशी व्यवस्था आपल्या सेवाकार्यांतून करता येणार नाही काय? गोवारीकरांच्या घन इंधनाची गोष्ट सांगणारी एक तासाची चित्रफीत करण्यास किती खर्च येतो?

आणि ज्यांची विमानावर श्रद्धा अढळ आहे, त्यांच्यासाठी एक साधी सूचना. तारापूर वसाहतीतील कोणत्याही रसायन प्रयोगशाळेत मिलिग्रॅम मोजणारा तराजू असतो. त्यावर आपले पाऱ्याचे यंत्र ठेवावे, सुरू करावे आणि काटा किती खाली येतो ते लिहून आणावे. पारा झाकणाखाली ठेवावा, कारण त्याची वाफ विषारी असते. पुढच्या व्याख्यानाची तारीख त्यानंतर ठरवू.